सुई सैल केली, धूर भरपूर, तरीही इंजिन तापतंय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात जुना घेतलेला ३.३ सीसीचा नायट्रो मॉन्स्टर ट्रक, म्हणजे रिमोटवर चालणारी मोठ्या चाकांची मॉडेल गाडी. इंधन मिथेनॉल आणि तेलाचं, त्यात २० टक्के नायट्रो (नायट्रोमिथेन). पाच-सात मिनिटं पळवला की टेम्परेचर गन हेडवर (सिलिंडरच्या वरच्या झाकणावर) १४५ ते १५० अंश सेल्सिअस दाखवते, ताकद उतरते आणि इंजिन बंद पडतं. गार झालं की पुन्हा सुरू होतं. हाय स्पीड सुई (वरच्या वेगाला किती इंधन जायचं ते ठरवणारा कार्ब्युरेटरचा स्क्रू) तुम्ही जवळजवळ एक आटा बाहेर काढलीत. धूर वाढला, फुल थ्रॉटलला गाडी अडखळायला लागली, पण तापमान जेमतेम पाच अंश उतरलं. थ्रॉटल सोडल्यावर आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) कधी लगेच खाली येतं, कधी वरच अडकून राहतं. दापोलीच्या किनाऱ्यावर तर सगळंच बिघडलं. आता मोठं कूलिंग हेड मागवावं का, असं विचारताय.

हेड आत्ता मागवू नका. इंजिन वरच्या वेगाला इतकं रिच (हवेच्या मानाने इंधन जास्त) आहे की अडखळतंय, आणि तरीही तापतंय. हे दोन्ही एकत्र कसं घडतं, ते आधी शोधायला हवं. त्याचं उत्तर मिळालं की तापमान आपोआप जागेवर येईल. ते न शोधता मोठं हेड बसवलंत तर आकडा थोडा खाली दिसेल आणि आतली झीज तशीच चालू राहील.

गाडी मी पाहिलेली नाही, त्यामुळे काही गोष्टी तुमच्या इंजिनावर अवलंबून राहतील: कार्ब्युरेटर स्लाइड प्रकारचा आहे की फिरत्या बॅरलचा, आधीच्या मालकाने हेडखालच्या शिम (पातळ चकत्या) काढल्यात का, इंधनात तेल किती टक्के आहे. पण तुम्ही सांगितलेली लक्षणं एकत्र ठेवली तर माझा पहिला संशय हवेच्या गळतीवर आहे. दुसरा लो स्पीड सुईवर (आयडल आणि कमी थ्रॉटलचं इंधन ठरवणारी), तिसरा क्लच-ब्रेकवर. का, ते सांगतो.

नायट्रो इंजिनात पाण्याचा रेडिएटर नाही आणि तेलाची वेगळी टाकीही नाही. उष्णता बाहेर नेण्याचं मोठं काम खुद्द इंधन करतं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला ६.४ किलो पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेमागे मिथेनॉल दुपटीहून जास्त आत जातं. शिवाय वाफ होताना ते पेट्रोलच्या सुमारे तिप्पट उष्णता शोषतं. दोन्हींचा गुणाकार केला तर तेवढ्याच हवेमागे सुमारे सात पट गारवा मिळतो. नायट्रोमिथेनला तर जेमतेम १.७ किलो हवा पुरते, म्हणून नायट्रोचं प्रमाण वाढवलं की सुई आणखी उघडावी लागते. १० टक्क्यांवर सेट केलेल्या इंजिनात सुईला हात न लावता २५ टक्क्यांचं इंधन घातलं तर ते लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी इंधनावर, चालतं.

वंगणाचं तेलही याच इंधनातून येतं. त्यामुळे मिश्रण लीन झालं की गारवा आणि तेल दोन्ही एकाच वेळी कमी होतात. त्यात या इंजिनात स्पार्क प्लग नाही. ग्लो प्लगची प्लॅटिनमयुक्त तार मिथेनॉलशी होणाऱ्या क्रियेमुळे लाल राहते आणि मिश्रण कधी पेटायचं हे तापमान, दाब, इंधन आणि प्लग मिळून ठरवतात. हेड तापलं की पेट लवकर घेतो, पेट लवकर घेतला की हेड आणखी तापतं. म्हणून तुमची गाडी पहिली तीन-चार मिनिटं बरी चालते आणि मग तापमान एकदम चढतं.

आता गळतीचं बघा. समजा कार्ब्युरेटर जिथे क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या धडाच्या) मानेत बसतो तिथली ओ-रिंग (रबरी कडी) कडक झाली आहे. फुल थ्रॉटलला कार्ब्युरेटरमधून इतकी हवा आत जाते की त्या फटीतून येणारी चोरटी हवा नगण्य ठरते. पण आयडलला किंवा पाव थ्रॉटलला मुख्य वाट जवळजवळ बंद असते, आणि तेव्हा त्याच फटीतून येणारी हवा मिश्रणाचा तोल बिघडवते. म्हणजे वर रिच, खाली लीन. थ्रॉटल सोडल्यावर वर अडकणारं आयडल हे याच लीनपणाचं लक्षण आहे. आणि छोट्या मैदानावर मॉन्स्टर ट्रक चालवताना आपण फुल थ्रॉटलला फार थोडा वेळ असतो. वळणं, उड्या, पुन्हा वेग घेणं, हे सगळं पाव ते अर्ध्या थ्रॉटलवर होतं. गाडी तापते ती तिथेच, आणि तुम्ही सोडवताय ती वरची सुई. म्हणून आकडा हलत नाही.

काही उघडण्याआधी मोजमाप पक्कं करा. टेम्परेचर गन चकाकत्या ॲल्युमिनियमवर खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते, कारण असा पृष्ठभाग उष्णता फार कमी उत्सर्जित करतो. उलट गनचा कोन थोडा चुकून एक्झॉस्ट हेडरवर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीवर) गेला तर आकडा भलताच जास्त येतो. हेडच्या वरून, जवळून, सरळ ग्लो प्लगच्या बुडाशी नेम धरा. दोन-तीन मिनिटं जोरात पळवून, गाडी थांबवल्याबरोबर मोजा. आयडलवर उभी ठेवून मोजलेल्या आकड्याला अर्थ नाही. दर वेळी तीच जागा, तेच अंतर. सोबत पाण्याच्या थेंबाची जुनी परीक्षाही करा: प्लगजवळ एक थेंब टाकला की तो तीन ते पाच सेकंदांत उकळून गेला तर ठीक, पडल्या क्षणी तडतडून उडाला तर इंजिन खरंच जास्त तापलंय. बहुतेक इंजिनं १०० ते १२५ अंशांच्या दरम्यान सुखाने चालतात आणि १३० च्या आसपास, म्हणजे २७० फॅरनहाइटला, बहुतेकांची मर्यादा येते. तुमचे १४५ खरे असतील तर गाडी आज चालवू नका.

तरी माझ्या दृष्टीने आकडा हा शेवटचा साक्षीदार. धूर, आवाज आणि थ्रॉटलला मिळणारा प्रतिसाद आधी. उन्हाळ्याच्या दुपारी १२५ अंशांवर छान चालणारं इंजिन मी तसंच चालू देतो, आणि थंडीच्या सकाळी १०५ वर धूर न सोडणारं इंजिन लगेच थांबवतो.

आता नळीची चिमट परीक्षा. इंजिन चांगलं तापलेलं, आयडलवर. कार्ब्युरेटरच्या अगदी जवळ इंधनाची नळी बोटांनी दाबून धरा. इंजिनाने दोन ते चार सेकंद चालून, शेवटी आरपीएम किंचित वाढवून बंद पडायला हवं. दाबल्याबरोबर बंद पडलं तर लो स्पीड लीन आहे. बराच वेळ घुटमळत राहिलं तर रिच. आणि दर वेळी वेगळं उत्तर आलं, एकदा लगेच, एकदा पाच सेकंदांनी, तर सुयांना हात लावू नका. हवा कुठून तरी येतेय, आणि ती बंद होईपर्यंत कुठलंही ट्यूनिंग टिकणार नाही. तुमचं आयडल ज्या तऱ्हेने भटकतंय त्यावरून मला हेच उत्तर अपेक्षित आहे.

गळती शोधायला इंजिन चेसिसमधून काढा. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो तेच करायचंय. एक्झॉस्टचं तोंड रबरी बुचाने घट्ट बंद करा, एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरचं तोंडही बंद करा, आणि इंधन येतं त्या निपलला लांब नळी लावून मोठ्या सिरिंजने हवा भरा. पिस्टन वरच्या किंवा खालच्या टोकाला अडवून न ठेवता फ्लायव्हील हळूहळू फिरवत राहा. तोंडाने फुंकू नका, नळीत मिथेनॉल उरलेलं असतं आणि ते विष आहे. इंजिन कोमट पाण्यात बुडवा आणि बुडबुडे कुठून येतात ते बघा. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांत सर्वांत आधी कार्ब्युरेटरची मान सापडते, त्याखालोखाल बॅकप्लेटचं (क्रँककेसच्या मागच्या झाकणाचं) गॅस्केट. पुढच्या बेअरिंगमधून अगदी बारीक बुडबुडे येणं चालतं. सरळ धार लागली तर बेअरिंग बदला. लो स्पीड सुईवरची छोटी ओ-रिंग आणि स्लाइडवरचं रबरी बूटही तपासा. बूट फाटलं असेल तर तिथून हवेबरोबर धूळही आत जाते.

दुरुस्ती महाग नाही. ओ-रिंग नवीन घ्या, बसण्याची जागा पुसून कोरडी करा, कार्ब्युरेटर खाली दाबून धरूनच स्क्रू आवळा. न दाबता आवळला तर नवी ओ-रिंगही गळते. बॅकप्लेटला उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनचा अगदी पातळ थर पुरतो. जास्त लावला तर आत सुटलेला तुकडा घात करतो. पाण्यातून काढलेलं इंजिन तसंच ठेवू नका. झटकून, कोरडं करून लगेच आफ्टर-रन तेलाचे (चालवून झाल्यावर गंज टाळायला घालायच्या तेलाचे) थेंब कार्ब्युरेटरमधून आणि प्लगच्या भोकातून सोडा आणि फ्लायव्हील हाताने फिरवा. नाहीतर बेअरिंग एका रात्रीत गंजतात.

इंजिनाइतकीच गळती इंधनाच्या वाटेवर असते, आणि ती लोक विसरतात. सायलेन्सर पाइपमधून टाकीकडे जाणारी नळी टाकीत दाब भरते, त्या दाबाने इंधन पुढे ढकललं जातं. टाकीच्या झाकणाचं रबर चपटं झालं, पाइपवरच्या निपलमध्ये काजळी अडकली किंवा हेडर आणि पाइप जोडणारा सिलिकॉन तुकडा चिरला, की दाब पडतो. ओळखायची खूण सोपी: टाकी भरलेली असताना गाडी छान, अर्धी झाली की लीन. टाकी काढून, एक निपल बोटाने दाबून, दुसऱ्यातून सिरिंजने हवा भरत पाण्यात बुडवा. नळ्या तर सरळ नव्याच घाला. केबल टायखाली किंवा चेसिसच्या कडेला घासून पडलेलं टाचणीएवढं भोक डोळ्याला दिसत नाही. इंधन फिल्टरही उघडून बघा.

गळती नाहीच सापडली, तर ओझ्याकडे बघा. इंजिनावर भार जास्त असेल तर मिश्रण कितीही नीट असो, ते तापणारच. गाडी स्टँडवर ठेवून, इंजिन बंद करून चाकं हाताने फिरवा. ब्रेक पॅड डिस्कला घासतायत का? तुमच्या ट्रान्समीटरवर (रिमोटवर) थ्रॉटल ट्रिम, म्हणजे थ्रॉटलची मधली जागा ठरवणारं बटण, थोडा ब्रेककडे असेल तर गाडी सतत ब्रेक ओढत चालते. क्लच बेलचे (क्लचवरच्या दात असलेल्या वाटीचे) बेअरिंग कोरडे किंवा फुटलेले आहेत का? क्लच शूज घासून घसरतायत का? घसरणाऱ्या क्लचमध्ये इंजिन ओरडतं आणि गाडी तितकी पळत नाही. ती उष्णता क्रँकवाटे इंजिनातच येते. आधीच्या मालकाने टॉप स्पीडसाठी क्लच बेलला जास्त दात घातले असतील तर एक-दोन दात कमी करा. दोन गिअरची गाडी असेल आणि दुसरा गिअर फार उशिरा पडत असेल, तर इंजिन पहिल्या गिअरमध्ये चढ्या आरपीएमवर रगडलं जातं. आणि गुडघाभर गवतात हळू चालवणं बंद करा. तिथे भार पूर्ण आणि हेडवर वारा नाही.

दापोलीचं कोडं इथेच सुटतं. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे; किनाऱ्यावर हवा त्याहून सहा-सात टक्के दाट. शिवाय दुपारी ३५ अंशांत सेट केलेली सुई सकाळी १८-२० अंशांत चालवली तर आणखी पाचेक टक्क्यांची भर. दाट हवा म्हणजे तेवढ्याच सुईवर जास्त ऑक्सिजन, म्हणजे लीन. त्यावर वाळूत रुतणाऱ्या मोठ्या चाकांचा भार. घाटावरून खाली उतरलात की सुई अष्टमांश आटा उघडून सुरुवात करायची आणि तिथल्या हवेला धरून पुन्हा लावायची. पाचगणीहून उतरणाऱ्याला तर हे दुपटीने लागू. ती जागा सुमारे १३०० मीटरवर आहे. किनाऱ्यावर एअर फिल्टरला तेल नीट लावलेलं नसेल तर वाळूचे कण पिस्टन आणि स्लीव्ह (पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो ते) दोन्ही खरवडतात, म्हणून घरी आल्यावर फिल्टर धुऊन, तेल लावून मगच पुढची फेरी.

ग्लो प्लग काढून बघायला दोन मिनिटं लागतात. तार चकचकीत, ओलसर आणि सरळ वेटोळ्यात असेल तर मिश्रण बरं आहे. करडी, खरबरीत किंवा वाकडी झाली असेल तर आत खूप उष्णता झाली आहे. प्लग फार हॉट प्रकारचा असेल तर पेट लवकर घेतो. २० टक्क्यांना मीडियम प्लग योग्य. तरीही आवाजात तडतड ऐकू येत असेल तर हेडखाली ०.१ मिलिमीटरची एक शिम वाढवून बघा, विशेषतः आधीच्या मालकाने काढली असल्याची शंका असेल तर.

इंधनाबद्दल थोडं कळकळीने. आपल्याकडे चांगलं कार-इंधन सहज मिळत नाही, म्हणून उघडा डबा वर्षभर पुरवून वापरला जातो. मिथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि एका पावसाळ्यात अर्धवट डबा निकामी होतो. आयडल काही केल्या स्थिर होत नसेल तर गळतीबरोबर इंधनावरही संशय घ्या. विमानांच्या इंधनात नायट्रो कमी आणि तेल जास्त असतं, त्यावर गाडी चालते, पण सुया मुळापासून वेगळ्या लावाव्या लागतात. आणि तेल कमी वाटतंय म्हणून मोटारसायकलचं टू-टी तेल कधीही घालू नका. खनिज तेल मिथेनॉलमध्ये विरघळत नाही. ते वेगळंच राहतं आणि इंजिन कोरडं चालतं. या इंधनाची आग उन्हात दिसतही नाही, म्हणून भरताना शेजारी पाण्याची बादली ठेवा, मुलांना दूर ठेवा.

हे सगळं झाल्यावर सुया. दोन्ही सुया तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेतल्या मूळ स्थितीला आणा. तुम्ही काढलेला तो एक आटा विसरून जा. एक टाकी रिचवर चालवून इंजिन तापवा. मग आधी वरची सुई, एका वेळी अष्टमांश आटा आत, दोन-तीन लांब धावा, पुन्हा ऐका. अडखळणं गेलं, आवाज मोकळा झाला आणि मागे निळसर धुराची स्पष्ट रेघ उरली की थांबा. आणखी थोडा वेग मिळेल या मोहात पुढे जाऊ नका. मग चिमट परीक्षेने लो स्पीड, आणि सगळ्यात शेवटी आयडल स्क्रू. हा क्रम उलटा केला तर एक सुई दुसरीचा दोष झाकते.

कूलिंगचं म्हणाल तर फिन्समधला चिखल जुन्या टूथब्रशने काढा आणि बॉडीची पुढची काच कापा. पण मागेही तेवढंच भोक हवं, नुसता वारा आत आला आणि बाहेर पडला नाही तर उपयोग नाही. एवढं करून, ऐन मे महिन्यातही आकडा चढाच राहिला तर मोठं हेड जरूर घ्या. तेव्हा ते कामाचं ठरेल.

एक शक्यता मात्र तयारी ठेवून ऐका. या इंजिनाची स्लीव्ह वर किंचित निमुळती असते आणि थंड असताना पिस्टन वरच्या टोकाला अडकल्यासारखा वाटतो, त्याला आपण पिंच म्हणतो. सतत तापलेल्या इंजिनाची ही पकड जाते. प्लग काढून फ्लायव्हील हाताने फिरवा. वर कुठेच अडत नसेल, आणि गळती बंद करूनही गरम इंजिन हेड गार केल्याशिवाय सुरूच होत नसेल, तर पिस्टन-स्लीव्हचा जोड बदलावा लागेल. तो खर्च गळतीची परीक्षा झाल्यावरच करा, नाहीतर नवा जोडही त्याच वाटेने जाईल.

आधी चिमट परीक्षा आणि पाण्यातली परीक्षा एवढंच करा. इंजिन किती सेकंदांनी बंद पडलं, बुडबुडे कुठून आले आणि प्लगची तार कशी दिसते, हे तीन तपशील कळवा. क्लच बेलचे दात आणि इंधनाच्या डब्यावर छापलेली तेलाची टक्केवारीही लिहा, म्हणजे पुढचं नेमकेपणाने सांगता येईल.